कोऱ्या रकान्यांचा कारभार

एखाद्या मासिकाचा वर्गणीदार बिऱ्हाड बदलतो, मासिकाच्या संकेतस्थळावर जाऊन आपल्या माहितीच्या पानावरील पत्त्याचा रकाना तेवढा नव्याने भरतो, बाकीचे रकाने कोरे सोडतो आणि ‘जतन करा’ हे बटण दाबून मोकळा होतो. त्याच्यापुरता तो व्यवहार तेथे संपला. परंतु त्या बटणाच्या पलीकडे, मासिकाच्या कार्यालयाने भाड्याने घेतलेल्या कुठल्याशा सर्व्हरवर, एका लहानशा प्रोग्रामपुढे त्याच क्षणी असा पेच उभा असतो की, या गृहस्थांनी फोनचा रकाना कोरा ठेवला तो फोन बदललेला नाही म्हणून, की आपला क्रमांक आमच्या दप्तरातून काढून टाकावा अशी त्यांची इच्छा आहे म्हणून? प्रोग्रामला अर्थात पेच पडत नाहीत. तो पडायला हवा होता प्रोग्राम लिहिणाऱ्याला, आणि पुष्कळदा त्यालाही पडलेला नसतो. पत्ता बदलला आणि फोन नाहीसा झाला, नाव दुरुस्त केले आणि वर्गणीची मुदतच उडाली, अशा ज्या तक्रारी कार्यालयांत येतात, त्यांतील बऱ्याचशांचे मूळ या न पडलेल्या पेचात सापडते.

ज्या भाषेत डेटाबेसला हुकूम सोडायचे, ती भाषा आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणारे इंग्रज गणितज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली एक निबंध लिहून असे प्रतिपादन केले की, प्रचंड माहितीसाठ्याची मांडणी साध्या कोष्टकांच्या रूपाने करता येते आणि त्या कोष्टकांना गणिताचे नियम लावता येतात. त्या प्रतिपादनाच्या आधारे त्याच संस्थेतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली ‘सीक्वेल’ नावाची भाषा मांडली, जी व्यापारचिन्हाच्या अडचणीमुळे नाव आखडून पुढे ‘एसक्यूएल’ झाली. गणित न जाणणाऱ्या सामान्य कर्मचाऱ्यालाही ती लिहिता यावी, असा तिच्या कर्त्यांचा हेतू होता. त्यामुळे तिची घडण इंग्रजी आज्ञार्थी वाक्यासारखी आहे, आणि नोंद बदलण्याचा तिचा हुकूम एका ओळीत मावतो: ‘अपडेट वर्गणीदार सेट पत्ता = सदाशिव पेठ, पुणे व्हेअर क्रमांक = ४१२७’. कोणत्या कोष्टकात, काय बदलायचे आणि कोणाच्या ओळीत बदलायचे, ही तीन अंगे झाली की हुकूम पुरा झाला.

आपल्याकडे सात-बाराच्या उताऱ्यावर खातेदार बदलतो तेव्हा आधी फेरफाराच्या नोंदवहीत नोंद पडते, संबंधितांना नोटीस जाते, मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात आणि मगच उताऱ्यावर नवे नाव चढते. जुने नाव मात्र खोडले जात नाही, त्याला कंस पडतो, आणि पन्नास वर्षांनीही कोणाच्या नावावरून जमीन कोणाच्या नावावर गेली हे कंसांतून वाचता येते. डेटाबेसच्या ‘अपडेट’ला कंस ठाऊक नाही. हुकूम मिळताच तो जुन्या मजकुराच्या जागी नवा मजकूर ठेवतो, कोणाला नोटीस देत नाही, आणि जुने काय होते याची स्मृती ठेवावी असे कोणी वेगळे सांगितले नसेल तर वापरणाऱ्याच्या दृष्टीने ती तेथेच लोपते. ज्या हुकुमाची अंमलबजावणी इतकी तत्पर आणि इतकी अबोल आहे, तो हुकूम लिहिताना जरा अधिक विचार करावा लागतो, यात नवल नाही.

हुकूम एकच ठरीव असता तर तो एकदा लिहून ठेवता आला असता. परंतु वर्गणीदार कधी पत्ता बदलतो, कधी फोन, कधी दोन्ही, कधी अंक टपालाने हवा की संगणकावर हवा एवढेच सांगतो. म्हणून हुकूम आयत्या वेळी, आलेल्या अर्जाकडे पाहून, तुकड्या-तुकड्यांनी जुळवावा लागतो, आणि हे जुळवणीचे काम संकेतस्थळांच्या दुनियेत फार मोठ्या प्रमाणावर पीएचपी या भाषेने पत्करले आहे. ग्रीनलंडात जन्मलेल्या रासमुस लेरडॉर्फ यांनी आपल्या वैयक्तिक संकेतस्थळाच्या सोयीसाठी काही साधने तयार केली आणि १९९५ साली ती सर्वांना खुली केली. त्याच वर्षी स्वीडनमध्ये मायएसक्यूएल हा डेटाबेस जन्माला आला, आणि फुकट मिळणाऱ्या या दोघांची जी गट्टी जमली तिच्यावर छोट्या दुकानांपासून मोठ्या वृत्तपत्रांपर्यंत असंख्य संकेतस्थळांचा संसार उभा राहिला. पीएचपीचा पिंड मजकूर जोडण्याचा आहे. अक्षरांच्या दोन माळा एका टिंबाने जोडाव्या इतके ते सोपे असल्यामुळे नवशिक्या प्रोग्रामर हुकूमही तसाच जोडू लागतो: पत्ता आला असेल तर पत्त्याचा तुकडा लाव, फोन आला असेल तर फोनचा तुकडा लाव, शेवटी ‘व्हेअर’ लाव आणि धाड.

या पद्धतीत पहिली ठेच लागते ती स्वल्पविरामाची. दोन रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम हवा, शेवटच्या रकान्यानंतर नको. पण शेवटचा रकाना कोणता ठरेल हे आधी ठाऊक नसते. कोणी प्रत्येक तुकड्यामागे स्वल्पविराम लावून अखेरचा कापून टाकतो, कोणी तुकडा पहिला आहे की नंतरचा हे तपासत बसतो. त्यापेक्षा सर्व तुकडे आधी एका यादीत गोळा करावेत आणि मग ‘इम्प्लोड’ या फंक्शनने ती यादी स्वल्पविरामांनी एकदाच सांधावी, ही रीत मला सर्वांत निर्मळ वाटते. कारण यादी हाताशी असली की ती रिकामी आहे की काय हेही पाहता येते. काहीच बदलले नसेल तर ‘सेट’पुढे काहीही न येता थेट ‘व्हेअर’ येतो आणि डेटाबेस तो हुकूम व्याकरणाची चूक म्हणून परत करतो. अशा वेळी हुकूम पाठवूच नये, इतका साधा विवेक यादीमुळे शक्य होतो.

स्वल्पविराम चुकला तर हुकूम निदान अडतो. ‘व्हेअर’ गळला तर तो अडत नाही, आणि खरे भय तेथे आहे. ‘व्हेअर’ नसलेला ‘अपडेट’ व्याकरणदृष्ट्या निर्दोष असतो आणि कोष्टकातील यच्चयावत ओळींना लागू होतो, म्हणजे एका वर्गणीदाराने सदाशिव पेठेत बिऱ्हाड केले की मासिकाचे सगळे वर्गणीदार सदाशिव पेठेत नांदू लागतात. मायएसक्यूएलच्या कर्त्यांना मनुष्यस्वभाव चांगला ठाऊक असावा. त्यांनी आपल्या प्रोग्रामला ‘सेफ अपडेट्स’ नावाचा एक पर्याय ठेवला असून, तो चालू असता ज्या ‘अपडेट’मध्ये ओळ ओळखण्याची खूणही नाही आणि संख्येची मर्यादाही नाही तो नाकारला जातो, आणि त्याच पर्यायाला त्यांनी ‘आय अ‍ॅम अ डमी’ असे दुसरे अधिकृत नावही दिले आहे. शहाण्यांनी हा पर्याय लाज न बाळगता चालू ठेवावा. पीएचपीत जुळवणी करताना मात्र ‘व्हेअर’चा तुकडा कोणत्याही ‘जर’च्या आत ठेवू नये. बदलायचे रकाने सशर्त असू शकतात. कोणाची ओळ बदलायची हे सशर्त असू शकत नाही.

आता मूळ पेचाकडे येऊ. रकाना भरला आहे की नाही हे तपासण्यासाठी पीएचपीत ‘एम्प्टी’ नावाचे एक सोयीचे साधन आहे, आणि ते सोयीचे असल्यामुळेच त्याने पुष्कळांना गोत्यात आणले आहे. या ‘एम्प्टी’च्या लेखी कोरा रकाना रिकामा, न आलेला रकाना रिकामा, आणि ज्यात शून्य लिहिले आहे तो रकानाही रिकामाच. वर्गणीदाराकडे काही येणे बाकी राहिलेले नाही म्हणून कारकुनाने बाकीच्या रकान्यात ० लिहिला, तर ‘रिकामा नसेल तरच बदल’ असे सांगणारा प्रोग्राम तो शून्य बाजूला सारतो आणि जुनी बाकी तशीच उभी ठेवतो. कारकून पुन्हा शून्य लिहितो, बाकी पुन्हा उभी. आणि कोणालाही चूक झाल्याचा संदेश दिसत नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने चूक झालेलीच नसते.

वस्तुतः वेब फॉर्मवरचा रकाना निदान दोन तऱ्हांनी मूक राहू शकतो. तो फॉर्मवर होता पण कोरा सोडला, तर ब्राउझर त्याचे नाव आणि त्यापुढे रिकामा मजकूर पाठवतो. तो फॉर्मवर नव्हताच, तर त्याचे नावच येत नाही. पहिल्याला ‘उत्तर दिले आणि ते रिकामे आहे’ असे म्हणता येईल, दुसऱ्याला ‘विचारलेच नव्हते’ असे. मोबाइलवरील अ‍ॅपकडून माहिती आली तर तिसरीही तऱ्हा संभवते, ती म्हणजे मुद्दाम पाठवलेला ‘नल’, म्हणजे ‘येथे मूल्यच नाही’ असे सांगणारी खूण. या तिन्ही तऱ्हा वेगळ्या ओळखण्याची साधने पीएचपीत आहेत. ‘इसेट’ला विचारले तर तो ‘नल’ आणि ‘आलेच नाही’ यांना एकाच माळेत ओवतो. ‘अ‍ॅरे की एक्झिस्ट्स’ला विचारले तर तो नाव आले होते की नाही एवढेच, पण खरे, सांगतो. ज्या ठिकाणी हा भेद महत्त्वाचा, तेथे लांबलचक नावाचे हे दुसरे साधन वापरण्याचा कंटाळा करू नये.

चेकबॉक्सचे वर्तन तर याहून चमत्कारिक. ‘अंक टपालाने पाठवावा’ या चौकटीत खूण केली तर ब्राउझर तिचे नाव पाठवतो, आणि खूण काढली तर काहीच पाठवत नाही. म्हणजे येथे मौन हेच उत्तर, आणि उत्तर ‘नको’ असे! ‘आले नाही त्याला हात लावू नका’ हा पत्त्याच्या बाबतीत शहाणपणाचा नियम येथे लावला, तर एकदा टपालाने अंक मागवलेल्या वर्गणीदाराला तो कधीही थांबवता येणार नाही. यावर अनुभवी मंडळींनी एक युक्ती काढली आहे: चौकटीच्या आधी, त्याच नावाचा, शून्य हे मूल्य असलेला एक अदृश्य रकाना ठेवायचा. एकाच नावाची दोन मूल्ये आली तर पीएचपी शेवटचे ग्राह्य धरतो. म्हणून खूण असेल तर १, नसेल तर ०, आणि फॉर्मवर चौकटच नसेल तर काहीही नाही, असे तीन निरनिराळे निरोप स्वच्छ पोचतात.

पासवर्डचा रकाना पुन्हा उलट्या स्वभावाचा. तो नेहमी कोराच दाखवला जातो, कारण जुना पासवर्ड पडद्यावर दाखवायचा नसतो. तेव्हा तो कोरा परत आला तर ‘बदल नाही’ असेच समजले पाहिजे. म्हणजे एकाच पानावर शेजारी-शेजारी असलेल्या तीन रकान्यांत कोरेपणाचे तीन अर्थ: पासवर्ड कोरा तर राहू द्या, फोन कोरा तर पुसा, चौकट कोरी तर ‘नाही’ लिहा. आणि नावाचा रकाना कोरा आला तर चौथाच अर्थ, अर्ज परत करा. कोणत्या रकान्याला कोणता नियम हे पीएचपी सांगू शकत नाही, डेटाबेसही सांगू शकत नाही. ते मासिकाच्या व्यवस्थापकाला विचारावे लागते, आणि तो बहुधा म्हणतो की असे काही ठरवावे लागते हे आपल्या कधी ध्यानातच आले नव्हते. माझ्या मते या कामातील अर्धी प्रोग्रामिंग या संभाषणात असते.

सर्व ‘जर’ पीएचपीतून काढून हुकुमातच घालण्याचीही एक रीत आहे. ‘कोअलेस’ या फंक्शनला काही मूल्ये दिली की त्यांतील पहिले ‘नल’ नसलेले मूल्य ते परत देते; म्हणून ‘सेट फोन = कोअलेस(नवा फोन, फोन)’ असे लिहिले की नवा फोन आला तर नवा, ‘नल’ आला तर जुना. हुकूम एकच, ठरीव, जुळवणीची कटकट नाही. दिसायला ही रीत फार देखणी आहे, पण ‘नल’ला तिने एका अर्थात अडकवून टाकले आहे: फोनच्या जागी ‘नल’ लिहून तो रकाना खरोखर रिता करायचा असेल, तर तिच्यापाशी मार्ग नाही.

हुकूम जुळवताना आलेला मजकूर जसाच्या तसा त्यात गोवला, तर काय होते याचा पहिला धडा पुष्कळांना एखाद्या गोमंतकीय वर्गणीदाराच्या आडनावाने दिला असेल. डिसोझा, डिमेलो ही आडनावे रोमन लिपीत लिहिताना ‘डी’च्या पुढे एक अवतरणचिन्ह येते, आणि एसक्यूएलमध्ये मजकूर संपल्याची खूणही तेच चिन्ह, त्यामुळे डेटाबेसला वाटते की नाव ‘डी’पाशीच संपले आणि ‘सोझा’ हा हुकुमाचा पुढचा भाग आहे. सज्जनाच्या आडनावाने हुकूम नुसता मोडतो. दुर्जन त्याच फटीतून स्वतःचा हुकूम घुसवतो. १९९८ सालच्या डिसेंबरात ‘फ्रॅक’ या नियतकालिकात या युक्तीचे जाहीर विवेचन झाले, आणि आज ती ‘एसक्यूएल इंजेक्शन’ या नावाने कुप्रसिद्ध आहे. पीएचपीने एके काळी यावर ‘मॅजिक कोट्स’ नावाचा उतारा योजला होता, ज्यात आलेल्या प्रत्येक अवतरणचिन्हापूर्वी एक तिरपी रेघ आपोआप लागे. परंतु तो उतारा कधी दोनदा लागे, कधी काढायचा राहून जाई, आणि पाकिटांवरच्या पत्त्यांत डिसोझांच्या आडनावात ती रेघ छापली जाई. २०१२ साली आलेल्या ५.४ या आवृत्तीत तो कायमचा काढून टाकण्यात आला.

योग्य मार्ग निराळा आहे. हुकुमाचा सांगाडा आधी पाठवायचा, मूल्यांच्या जागी प्रश्नचिन्हे ठेवायची, आणि मूल्ये स्वतंत्रपणे, मूल्ये म्हणूनच, सुपूर्त करायची. मग त्यांत कोणतेही चिन्ह असो, ते हुकुमाचा भाग होऊ शकत नाही. २००५ साली पीएचपीच्या ५.१ आवृत्तीबरोबर आलेल्या पीडीओ या साधनाने ही सोय सर्वांच्या हाती दिली. सशर्त हुकुमात एवढेच सांभाळावे लागते की, ज्या ‘जर’मध्ये रकान्याचा तुकडा यादीत पडतो, त्याच ‘जर’मध्ये त्याचे मूल्यही दुसऱ्या यादीत पडावे; नाहीतर प्रश्नचिन्हे तीन आणि मूल्ये दोन, असा प्रकार होतो.

परंतु प्रश्नचिन्हाची मर्यादा अशी की ते मूल्याच्या जागी चालते, रकान्याच्या नावाच्या जागी चालत नाही. म्हणून ‘जे-जे नाव अर्जात येईल तो-तो रकाना बदला’ असा उदार प्रोग्राम लिहिणे हे सर्वांत घातक. फॉर्मवर नसलेले नाव अर्जात घालून पाठवणे ज्ञात्याला मुळीच अवघड नसते, आणि वर्गणीदाराने ‘मुदत’ हा रकाना स्वतःच जोडून पाठवला तर उदार प्रोग्राम त्याला आजीव सभासद करून टाकील. २०१२ सालच्या मार्चमध्ये ‘गिटहब’ या विख्यात संकेतस्थळावर एका तरुण रशियन प्रोग्रामरने नेमका असाच जास्तीचा रकाना पाठवून, ज्या ‘रेल्स’ प्रणालीवर ते संकेतस्थळ उभे होते, तिच्याच मूळ भांडारात लिहिण्याचा अधिकार मिळवून दाखवला होता. तेथे भाषा रूबी होती, पीएचपी नव्हे. दोष मात्र हाच. बदलता येण्याजोग्या रकान्यांची यादी प्रोग्राममध्ये स्वहस्ते लिहावी आणि अर्जातील नावे तिच्याशी ताडून पाहावीत, याला पर्याय नाही.

जुन्या पत्त्याची आठवण राहावी म्हणून कोष्टकात ‘मागील पत्ता’ असा रकाना जोडला, म्हणजे हातांनीच कंसाची सोय केली, तर एक गंमत अनुभवास येते. ‘सेट मागील पत्ता = पत्ता, पत्ता = नवा’ असे लिहिले तर जुना पत्ता मागच्या रकान्यात जातो आणि नवा पुढे येतो. हीच दोन वाक्ये उलट्या क्रमाने लिहिली तरी एसक्यूएलच्या मानकाप्रमाणे परिणाम तोच यायला हवा, कारण उजव्या बाजूची सर्व मूल्ये हुकूम सुरू होण्यापूर्वीची धरायची असतात. मायएसक्यूएल मात्र एका कोष्टकाच्या ‘अपडेट’मध्ये डावीकडून उजवीकडे एकेक काम उरकत जातो; पत्ता आधी बदलला तर मागील पत्त्यात नवाच पत्ता जाऊन बसतो आणि जुना कायमचा जातो. आपण तुकडे आयत्या वेळी जुळवत असल्यामुळे त्यांचा क्रम अर्जातील रकान्यांच्या क्रमावर सोडला असेल, तर उद्या कोणी फॉर्मची मांडणी सुबक करण्यासाठी दोन रकाने वर-खाली केले की इतिहासाची नोंद बंद पडेल, आणि मांडणी करणाऱ्याच्या ते स्वप्नातही येणार नाही.

दोन माणसे एकाच ओळीवर एकाच वेळी काम करू लागली म्हणजे आणखी एक अडचण उद्भवते. कार्यालयातील कारकून वर्गणीदाराची नोंद उघडून बसला आहे, इतक्यात वर्गणीदाराने घरून पत्ता बदलला, आणि मग कारकुनाने फोन दुरुस्त करून सगळीच्या सगळी ओळ जतन केली, तर त्याच्या पडद्यावरचा जुना पत्ता नव्या पत्त्यावर बसतो. बदललेलेच रकाने लिहिण्याचा एक मोठा लाभ येथे कळतो, कारण कारकुनाने फोनच बदलला असता पत्त्याला धक्का लागला नसता. पण दोघांनीही पत्ताच बदलला असेल तर? त्यासाठी प्रत्येक ओळीला आवृत्तीचा अंक देतात, आणि ‘व्हेअर क्रमांक = ४१२७ आणि आवृत्ती = ७’ अशी अट घालून, त्याच हुकुमात आवृत्ती ८ करतात. मध्यंतरी दुसऱ्याने बदल केला असेल तर आवृत्ती ७ उरलेली नसते, अट जुळत नाही, एकही ओळ बदलत नाही, आणि प्रोग्राम दुसऱ्या माणसाला नोंद पुन्हा पाहण्याची विनंती करू शकतो.

किती ओळी बदलल्या हा आकडा पीएचपीला परत मिळतो, पण तो वाचतानाही सावध असावे. मायएसक्यूएल साधारणपणे जुळलेल्या ओळींचा नव्हे, तर खरोखर बदल झालेल्या ओळींचा आकडा देतो. वर्गणीदाराने आहे तोच पत्ता पुन्हा लिहून पाठवला तर ओळ सापडते, परंतु आकडा शून्य येतो, आणि आवृत्तीचा अंक नसलेल्या कोष्टकात ‘वर्गणीदार सापडला नाही’ आणि ‘बदलण्यासारखे काही नव्हते’ या दोन गोष्टी एकाच शून्यात लपतात. पीडीओला जोडणी करताना जुळलेल्या ओळी मोजण्यास सांगता येते, आणि ते सांगावे. मग पत्ता तोच असलेल्या वर्गणीदाराला काय संदेश दाखवायचा एवढाच प्रश्न उरतो. ‘कोणताही बदल आढळला नाही’ हे अधिक खरे आहे खरे, पण ते वाचून तो बिचारा बुचकळ्यात पडून कार्यालयाला फोन करतो; ‘आपली माहिती जतन झाली’ असे सांगितले की तो निवांत चहा प्यायला जातो, आणि त्यात खोटेही काही नसते.